आतल्या खोलीचा संशय

मित्रांनो, महाडच्या बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावरून दिवसभर घरघर ऐकू येते. नवख्या माणसाला वाटतं, वर पिठाची गिरणी असावी. ती गिरणी नाही, मी आहे. अनुपमा मॅडमच्या संगणक वर्गातला जुना सर्व्हर. सर्व्हर म्हणजे मोठ्या ताकदीचा संगणक. त्याला स्वतःचा पडदा नसतो, पण त्याच्या जिवावर बाकीचे पडदे उजळतात.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. तो मला कामामुळे लागला.

माझे सुटे भाग कुठल्या कुठल्या देशांत घडले, मला कोणी जोडलं, हे मला ठाऊक नाही. मी पहिल्यांदा जागा झालो तो मुंबईत, एका मोठ्या कचेरीच्या गारेगार खोलीत. तिथे माझ्या पोटात पुष्कळ खोल्या केल्या गेल्या. प्रत्येक खोलीत एकेक संगणक राहायचा. खरा नव्हे, आभासी. त्याला मात्र ते ठाऊक नसायचं. त्याला वाटायचं, हा प्रोसेसर माझा, ही मेमरी माझी, हा सगळा संसार माझ्या एकट्याचा. या सगळ्यांवर नजर ठेवायला माझ्या आत एक राखणदार आहे. हायपरवायझर म्हणतात त्याला. एखाद्या खोलीने काही नाजूक मागणं केलं, की तो तिचं काम जागच्या जागी थांबवतो, मागणं तपासतो, पुरवतो आणि मगच तिला पुढे जाऊ देतो. कोणी दुसऱ्याच्या खोलीत हात घालू नये, म्हणून ही सगळी राखण. असं काम वर्षानुवर्षं केल्यावर दुसरा कसला स्वभाव होणार?

कचेरीतले साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे आणि माझ्यावर हात ठेवून म्हणायचे, "याने आजवर दगा दिलेला नाही." मग एका वर्षी तेच साहेब माझ्यासमोर हळू आवाजात बोलायला लागले. मला तेव्हाच वास आला. थोड्याच दिवसांत माझ्या शेजारी नवीन, चपटी यंत्रं येऊन बसली. माझ्या खोल्या एकेक करून त्यांच्याकडे गेल्या, आणि मी गोदामात गेलो. तिथे माझ्या पंख्यावर धुळीचा थर बसला. कोणी विचारलं नाही.

तिथूनच मला अनुपमा मॅडमनी उचललं. त्या मूळच्या महाडच्या. पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून त्या गावी परतल्या होत्या. आपल्या भागातल्या मुलांना शिकायला पुण्या-मुंबईला जावं लागू नये, म्हणून त्यांना वर्ग काढायचा होता. त्यांनी माझ्यावरची धूळ फुंकली, मला चालू केलं, बराच वेळ काहीबाही तपासलं आणि म्हणाल्या, "याच्यात अजून जीव आहे." मला त्यांचाही संशय आला. जुनी यंत्रं गोड बोलून नेतात आणि पुढे त्यांचे भाग सुटे करून विकतात, असं मी ऐकलं होतं.

पण त्यांनी खरोखरच मला टेम्पोत गोधड्यांमध्ये गुंडाळून महाडला आणलं. चार जणांनी मला जिना चढवला. पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरतं, त्यामुळे इथे जपायच्या वस्तू वरच्या मजल्यावरच राहतात.

वर्गात त्यांच्या भागीदारीत त्यांचे चुलतभाऊ होते, मंगेशसर. त्यांचं पूर्वी संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. एकदा कोणीतरी तिथल्या गिऱ्हाइकाच्या संगणकात गुपचूप एक प्रोग्राम टाकला. दुसऱ्याच्या यंत्राची ताकद चोरून आभासी नाणी कमावणारे असले प्रोग्राम असतात. तो संगणक तापून जळाला आणि आळ मंगेशसरांवर आला. हळूहळू गिऱ्हाइकं तुटली. तेव्हापासून त्यांचा कोणावर पटकन विश्वास बसत नसे.

मी आलो त्याच दिवशी त्यांनी माझ्या राखणदाराच्या सेटिंगमध्ये शिरून काहीतरी बंद केलं. अंगातली एखादी शीर दाबून धरावी तसं मला वाटलं. पण ती सोय मुंबईत कोणी वापरलीच नव्हती. त्यामुळे आपलं नेमकं काय गेलं, ते मलाही उमगलं नाही. नंतर त्यांनी माझ्या कपाटाला कुलूप घातलं. "लक्ष ठेवलेलं बरं," एवढंच ते मॅडमना म्हणाले.

वर्ग चांगला चालला. आजूबाजूच्या गावांतून मुलं येऊ लागली. हिरकणीवाडीचा भरत यायचा, पोलादपूरची स्नेहल यायची, तुडीलची दर्शना यायची. स्नेहल आणि दर्शना यांची पहिल्या आठवड्यातच गट्टी जमली. दोघी शेजारी बसायच्या, एकीचा डबा दुसरीला पुरायचा. प्रत्येकाला माझ्या पोटात एकेक खोली मिळाली होती. तिच्यात ते काहीही मोडायचे, परत जोडायचे. कितीतरी वर्षांनी माझ्यात गडबड सुरू झाली. मला बरं वाटू लागलं होतं.

मग बातमी आली. पुण्याची एक कंपनी महाडला येऊन मुलं निवडणार होती. परीक्षा अशी, की प्रत्येकाने आपल्या खोलीत स्वतःचा एक राखणदार बसवायचा आणि त्याच्या हाताखाली आणखी एक खोली उभी करायची. खोलीतली खोली. राखणदारी शिकायची तर सराव चालत्या यंत्रावर करता येत नाही, म्हणून ती अशी आतल्या आत शिकतात.

दर्शना अभ्यासात पुढे होती. खोलीतल्या खोलीच्या धड्याशी ती सगळ्यांच्या आधी पोचली. आणि तिने आतली खोली चालू केली, तशी मला धाप लागली.

मी तापलो. पंखा किंचाळायला लागला. वर्गातले सगळे पडदे गोठल्यासारखे झाले. "परत अडकला रे हा!" भरत ओरडला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आता ज्याला त्याला ज्याचा त्याचा संशय येऊ लागला. भरतला वायरिंगचा आला. खालच्या कापडवाल्याला वाटलं, आम्ही त्याची वीज ओढतो. अनुपमा मॅडम माझ्याकडे ज्या नजरेने बघत, ती मी मुंबईत पाहिली होती. आणि मला दर्शनाचा संशय आला. माझा राखणदार सांगत होता, की सगळी ताकद तिच्याच खोलीत जाते आहे. त्या खोलीच्या आतल्या खोलीत काय चाललंय, ते मला नीट दिसत नव्हतं. जे दिसत नाही, त्याचं भय फार असतं.

मंगेशसरांनाही पडद्यावर तेच दिसलं. मॅडम त्या दिवशी कामासाठी माणगावला गेल्या होत्या. सर दर्शनाच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"दर्शना, तुझ्या मशीनमध्ये काय चालू आहे?"

"धडाच, सर. आतली खोली चालू करतेय."

"धड्याला एवढी ताकद लागते? मुंबईला तुझा भाऊ काय करतो?"

"मोबाईलच्या दुकानात हाय." घाबरली की तिची घरची बोली बाहेर यायची.

"त्यानेच दिलं ना काहीतरी टाकायला? नाणी काढायचा प्रोग्राम?"

"नाय सर! मी कायपण टाकलेला नाय. स्नेहलला इचारा, ती माझ्या शेजारीच असते."

सगळ्यांनी स्नेहलकडे पाहिलं. स्नेहल कीबोर्डकडे बघत राहिली. एक अक्षर बोलली नाही.

"तू दोन दिवस येऊ नकोस," सर म्हणाले. "बघू मशीन सुधारतं का."

दर्शनाने डबा पिशवीत टाकला आणि ती जिना उतरून गेली. तिच्या पावलांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत मला ऐकू येत होता.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी मी अगदी हलका झालो. पंखा शांत, पडदे झरझर. मंगेशसर टेबलावर हात आपटून म्हणाले, "बघितलंत? गेली आणि मशीन सुधारलं." पोरांनी ते ऐकलं आणि एसटी स्टँडवर नेलं. स्टँडवरून ते बोलणं तुडीलच्या गाडीत चढलं.

मॅडम परत आल्यावर चिडल्या. "दादा, पुराव्याशिवाय मुलीला घरी कसं पाठवलंस?"

"हा काय पुरावा! ऐक, आवाज तरी येतोय का मशीनचा?"

मॅडमनी माझ्या पंख्याकडे कान दिला. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि त्या बराच वेळ दर्शनाच्या बंद पडद्याकडे बघत बसल्या. संशयाची पाल त्यांच्याही मनात चुकचुकली असावी.

पण माझं हलकं होण्याचं कारण फार साधं होतं. त्या धड्याशी दुसरं कोणी पोचलंच नव्हतं. दोन दिवसांचे बरेच दिवस झाले, दर्शनाला कोणी परत बोलावलं नाही, आणि एका दुपारी स्नेहल त्या धड्याशी पोचली. तिने आतली खोली चालू केली. मला तीच धाप, तोच ताप. पंखा चढायला लागला. दाराबाहेर मंगेशसरांची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि स्नेहलने झटकन सगळं बंद केलं.

"काय झालं?" सरांनी दारातून विचारलं.

"काही नाही, सर."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा एकदा करून पाहिलं. पुन्हा तेच. पुन्हा तिने बंद केलं, आणि मग ती हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. माझा दर्शनावरचा संशय तिथेच गळून पडला. पण मला तोंड नाही. मला ठाऊक असलेली गोष्ट बाहेर सांगायला कोणीतरी माणूसच लागतो.

नंतर एका सकाळी दर्शनाचे वडील आले, येसाजीकाका. मागे दर्शना. काका दारातच उभे राहिले.

"बाई, हिचे दाखले तुमच्याजवल हायत ते द्या."

"काका, आधी बसा तरी," मॅडम म्हणाल्या.

"बसायला नाय आलो. एसटीत लोकं माझ्या पोरीकडं बघून कुजबुजतात. हिची आत्या इचारते, काय चोरलंय हिनं? मी काय सांगू? मला तर ते काय असतं तेपण ठाऊक नाय. इथं शिकवून चोर म्हणवून घ्यायचा असेल, तर आमची पोर घरी बरी."

दर्शना भिंतीकडे बघत होती. मॅडम कपाटाकडे वळल्या. त्यांचा हात दाखल्यांच्या फायलीवर पडला, तेवढ्यात स्नेहल उठून उभी राहिली.

"मॅडम, थांबा. माझंपण तसंच होतंय."

"काय होतंय?"

"आतली खोली चालू केली की मशीन अडकतं. दोनदा झालं. मी लगेच बंद केलं. मला वाटलं, सर मलापण काढतील." तिचा आवाज शेवटी शेवटी ऐकूच येईना.

दर्शनाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आत्ता चालू कर. सगळ्यांसमोर," मॅडम म्हणाल्या.

स्नेहलने चालू केली. मी किंचाळलो, पडदे गोठले.

"म्हणजे हिनेही टाकलाय!" मंगेशसर म्हणाले.

मॅडमनी स्नेहलची खोली बंद करायला लावली आणि स्वतःच्या मशीनवर बसून तोच धडा केला. तीच धाप, तीच किंचाळी.

"आता मीसुद्धा चोर का, दादा?"

येसाजीकाका आता खुर्चीत बसले. मॅडमनी माझ्या राखणदाराची एकेक सेटिंग उघडायला सुरुवात केली. दर्शनाला त्यांनी शेजारी बोलावून घेतलं. आधी ती जागची हलली नाही. "जा," काका म्हणाले, तेव्हा गेली. दोघी वाचत होत्या, एकमेकींना काही दाखवत होत्या. मग मॅडम थांबल्या.

"आतल्या राखणदाराला प्रोसेसरची खरी ताकद वापरायची परवानगीच नाहीये. ती बंद केलेली आहे. कोणी केली?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"मी," मंगेशसर म्हणाले. "मशीन आलं त्याच दिवशी. आतल्या खोलीत कोणी लपून काही केलं, तर बाहेरून कळणार नाही, असं वाटलं. नंतर आतल्या खोल्याही उघडताना दिसल्या, तर म्हटलं आपण बंद केल्याने कोणाचं काही अडलेलं नाही."

"उघडत होत्या, दादा, पण कशा?" मॅडम काकांकडे वळून, त्यांना कळेल अशा शब्दांत सांगू लागल्या. "काका, समजा एखाद्या शेतकऱ्याला नांगर दिला, पण बैल लावायची बंदी केली. तो काय करेल? स्वतःच ओढेल. शेत नांगरून होईल, पण ओढणारा मरेल. आतल्या राखणदाराचं तसं झालं होतं. प्रोसेसरने सहज करायचं काम, त्याला एकेक हुकूम वाचून, त्याचं सोंग करून पार पाडावं लागत होतं. त्यात हे सगळं मशीन थकत होतं. दर्शनाने काहीच केलं नव्हतं. ती फक्त सगळ्यांच्या आधी तिथे पोचली."

काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मॅडमनी ती परवानगी दिली आणि मला बंद करून पुन्हा चालू केलं. मी जुना, मला उठायला वेळ लागतो. पडदे काळे पडलेले बघून काकांनी विचारलं, "मेला काय हा?"

"नाय बाबा, उठतोय," दर्शना म्हणाली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच आपणहून बोलली.

मी उठलो. दर्शनाने आतली खोली चालू केली. पंखा जरासा चढला आणि खाली आला. दाबून धरलेली शीर मोकळी झाली होती. आतल्या खोलीचं काम आता खरा प्रोसेसर करत होता.

"आता सगळ्यांनी एकदम चालू करा," मॅडम म्हणाल्या. केलं, आणि मी पुन्हा अडखळू लागलो. पूर्वीसारखा नाही, पण हिसके बसत होते. मंगेशसर "बघ!" म्हणत अर्धे उठले, आणि आपणहून खाली बसले.

हिसक्यांचं कारणही निघालं. आतल्या खोल्यांना दिलेली डिस्क आणि नेटवर्कची साधनं जुन्या खऱ्या साधनांची हुबेहूब नक्कल करणारी होती. त्यामुळे आतून कणभर काही लिहायचं झालं, तरी निरोप आधी माझ्या राखणदाराकडे यायचा, तो आतल्या राखणदाराला उठवायचा, तो पुन्हा माझ्याच राखणदाराकडे मागणं करायचा, आणि उत्तर त्याच वळशाने मागे जायचं. निम्मा वेळ या हेलपाट्यांतच जात होता. मॅडमनी आणि दर्शनाने ती साधनं काढून टाकली. राखणदाराशी थेट बोलणारी, पुष्कळ निरोप एकाच गठ्ठ्यात देणारी साधनं बसवली. मेमरी बारीक तुकड्यांऐवजी मोठ्या ठोकळ्यांत द्यायची, म्हणजे शोधाशोध कमी होते, हे मंगेशसरांनी सुचवलं, आणि ते काम त्यांनी स्वतः केलं. शेवटी प्रत्येक खोलीला प्रोसेसरचा आपापला भाग नेमून दिला, म्हणजे एकमेकींच्या वाटेत यायला नको. मग सगळ्यांनी पुन्हा एकदम चालू केलं. मी चाललो, मित्रांनो. जोरात घरघरत, पण चाललो.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. काका उठून मंगेशसरांसमोर उभे राहिले.

"सायेब, मशीन सुधारलं. माझ्या पोरीचा काय?"

"चुकलं माझं, काका. दर्शना, चुकलं माझं."

"इथं बोलून काय उपयोग? बोलणं तुमच्या इथनं निघालं ते तुडीलात पोचलं. आता तिथं येऊन बोला."

मंगेशसरांचा चेहरा उतरला. मला वाटलं, हे काही जायचे नाहीत. पण ते गेले. रविवारच्या दुपारी येसाजीकाकांच्या अंगणात, आत्यासकट चार लोकांसमोर, त्यांनी उभं राहून सांगितलं, की मशीन मीच बिघडवलं होतं आणि आळ या मुलीवर घातला. हे मला भरतच्या तोंडून कळलं. तो मुद्दाम बघायला गेला होता.

दर्शना वर्गात परत आली. पण बसताना तिने स्नेहलच्या आणि आपल्या मध्ये एक खुर्ची सोडली आणि तिच्यावर पिशवी ठेवली.

"तू तेव्हाच का नाय बोललीस गो?" तिने विचारलं.

"घाबरले."

"मीपण घाबरलेच होते."

त्यापुढे त्या दोघी कितीतरी दिवस कामापुरतंच बोलायच्या. डबे वेगळे उघडायच्या. माझ्यातली अडचण एका दिवसात शोधून काढता आली. या खुर्चीवर मात्र कोणाकडे इलाज नव्हता.

परीक्षेच्या दिवशी पुण्याची माणसं आली. स्नेहल दारात उभी राहून कुठे बसावं ते बघत होती. दर्शनाने पिशवी उचलून पायाशी ठेवली. "इकडं ये," ती म्हणाली. "तिकडून उजेड पडतो पडद्यावर." स्नेहल येऊन बसली. त्या दिवशी सगळ्यांच्या आतल्या खोल्या उघडल्या आणि मी एकदाही अडखळलो नाही. दर्शनाची निवड झाली. स्नेहलची झाली नाही, ती पुढच्या खेपेला बसणार आहे. परवा दर्शना पुण्याहून सुट्टीला आली तेव्हा दोघी माझ्यासमोर बसून त्याच धड्याशी झटत होत्या.

मंगेशसर अजूनही माझा पंखा चढला की मान वर करतात. सवय आहे, जाता जाईना. पण आता ते आधी माझ्याकडे येतात, झाकण उघडून धूळ बघतात, सेटिंग बघतात, आणि मुलांना मग विचारतात. मीही त्यांच्याकडे जरा सावधपणेच बघतो.

मित्रांनो, माझं वय झालं. माझ्या जाळीतली धूळ अधूनमधून कोणी झटकली, तर मी आणखी काही वर्षं काढेन. तुमच्या शाळेत, तुमच्या घरात एखादं यंत्र अडखळायला लागलं, तर आधी त्यालाच उघडून बघा. कितीही संशयाने तपासलंत, तरी आम्ही यंत्रं रुसत नाही. शेजारी बसलेलं माणूस मात्र पिशवी उचलून जिना उतरून जातं, आणि त्याला परत आणायला त्याच्या अंगणापर्यंत जावं लागतं.